आम्लपित्ताच्या जाहिरातीचा कागद

।। श्री ।।

मिरज,
३ जानेवारी २०२५

ती. नलूताईस,
मीनाक्षीचा सा. न. वि. वि.

मायना लिहिला आहे तो आप्पांच्या नियमाखातर, मनातून नाही. भांडण तोंडाने करायचं नाही, कागदावर करायचं, मायना आणि शेवट सोडायचा नाही आणि खाली सही ठोकायची, हे त्यांनी आपल्याला फ्रॉकच्या वयापासून शिकवलं. मायना विसरला की कागद परत यायचा. आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी कागद परत यावा असं माझ्या हातून काही होणार नाही. फोन मी मुद्दामच करत नाही. फोनवर तू तुझा तो मास्तरणीचा थंड आवाज लावतेस, मी ओरडून घसा बसवून घेते आणि शेवटी वेडी मीच ठरते.

आता विषय. परवा आपल्या गल्लीतला नरेश दुकानात आला होता. तुमच्या चंदीगडजवळ डेराबस्सीला ज्या औषध कारखान्यात आमची ऋजुता आहे, तिथेच तो आहे. म्हणजे ती होती, असं आता म्हणायला हवं. नाताळच्या सुट्टीला आलेला. आईसाठी रक्तदाबाच्या गोळ्या घेता घेता त्याने यांना सहज विचारलं, की ऋजुताने जुलैत नोकरी सोडली, आता तिचं काय चाललंय. हे गोळ्यांची पट्टी कापत होते, ते कात्री हातात धरून तसेच उभे राहिले. घरी येऊन मला सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा ठिकाणावर नव्हता.

जुलै ते जानेवारी. दर रविवारी ती मला फोनवर कारखान्याच्या गोष्टी सांगत होती. साहेब कसा खडूस आहे, बस कशी चुकली. सगळं रचलेलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली, की ती तिथल्याच विद्यापीठात प्राचीन ग्रीक भाषा आणि साहित्य घेऊन एम.ए. करते आहे, आणि शिकवते कोण, तर तू.

बी.फार्म.पर्यंत आम्ही तिला शिकवलं ते तिने दोन वर्षं अनुभव घ्यावा आणि येऊन दुकान हातात घ्यावं म्हणून. यांचे गुडघे तुला माहीत आहेत. आमच्या काउंटरवर रोज शंभर जिवंत माणसं येतात, मराठी बोलतात, कानडी बोलतात, हिंदी बोलतात. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेलं एक माणूस आजवर खोकल्याचं औषध मागायला आलेलं नाही. तिला महिनाअखेर परत पाठव. तिकीट मी काढते.

लोभ होता. त्याचं तू काय केलंस ते दिसलं.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण,
मीनाक्षी


।। श्री ।।

सेक्टर ३७, चंदीगड,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. सौ. मीनाक्षीस,
नलूताईचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे. गोड बोल म्हणणार नाही, जे जमत नाही त्याचा आग्रह करू नये. पत्र मिळालं. औषध कंपनीने फुकट दिलेल्या पॅडवर लिहिलं आहेस आणि प्रत्येक पानाच्या तळाला आम्लपित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. मजकुराला इतका शोभणारा कागद फार कमी लोकांना सापडतो.

माझी चूक आधी मान्य करते, कारण आप्पांच्या नियमात तेही होतं. ऋजुताने नोकरी सोडली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी सांग म्हणून मी तिला तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, की दिवाळीला समोर बसून सांगते. दिवाळीला तुम्ही दोघं तिच्यासाठी पुण्याच्या मुलाचं स्थळ घेऊन बसला होतात, तेव्हा तिची जीभ उचलली नाही. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पण मी तिला पळवली असं म्हणायचं असेल तर तो आरोप मी घेत नाही. चोवीस वर्षांची मुलगी कोणी पिशवीत घालून नेत नाही. दिवसभर गोळ्यांची वजनं तपासून ती डेराबस्सीच्या बसने यायची आणि माझ्या टेबलाशी बसायची. मी पेपर तपासत असायचे. ती आधी नुसती बघायची, मग विचारायला लागली, मग मी विचारलेल्याचं उत्तर द्यायला लागली. तुमच्या घरात तिने काही विचारलं तर जेवलीस का हेच उत्तर मिळतं, असं तिनेच मला सांगितलं. खोटं असेल तर कळव.

वर्गात पाच जण आहेत, त्यांतले तिघं मराठी, कारण जाहिरात मी मराठी मंडळात केली होती. ऋजुता, लष्करातल्या एका कॅप्टनची बायको कादंबरी, आणि मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत संशोधन करणारा अनिमेष. धुकं इतकं पडतं की पहिल्या तासाला खिडकीबाहेर झाड आहे की नाही कळत नाही. तासाला चार ओळी होतात. तुला हसू येईल, पण चार ओळी म्हणजे फार झाल्या. शुक्रवारी उलटा उद्योग असतो. आपल्या मातृभाषेतला एक उतारा घ्यायचा, तो आधी सोलायचा, म्हणजे म्हणी, टोमणे, नटवेपणा सगळं काढून लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते पाच साध्या वाक्यांत मांडायचं, आणि मग ती पाच वाक्यं ग्रीकमध्ये न्यायची. त्यासाठी मराठीतले दणकट, संतापलेले उतारे लागतात. जुने ग्रीक कोर्टात उभे राहून एकमेकांना जे सुनावायचे त्या तोडीचं हल्ली आपल्याकडे कोणी लिहीत नाही.

एक महत्त्वाचं. तिचं मायग्रेशन सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. तिने तिकडच्या विद्यापीठात अर्ज केला आहे, ते कायमच्या पत्त्यावर म्हणजे तुमच्याकडे येईल. इथला प्रवेश त्यावाचून कच्चा आहे. २१ मार्चच्या आत जमा झालं नाही तर परीक्षेला बसता येणार नाही आणि प्रवेश रद्द होईल. आलं की त्याच दिवशी पाठव.

तिकीट काढू नकोस. सुरेशरावांना नमस्कार. लोभाची गोष्ट तू काढलीस म्हणून सांगते, माझ्या बाजूचा शाबूत आहे, जरा तापलेला आहे इतकंच.

तुझी,
नलूताई


।। श्री ।।

मिरज,
३० जानेवारी २०२५

ती. नलूताईस,
सा. न. वि. वि.

तुझी चूक मान्य करण्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. आधी चमचाभर मान्य करायचं, मग समोरच्याच्या तोंडात पातेलंभर ओतायचं. यावेळी मी गिळणार नाही. काय केलंस ते क्रमाने सांगते, शाई संपली तरी पेन्सिलीने सांगेन.

माझी मुलगी मी तुझ्या घरी ठेवली. ती मैत्रिणींबरोबर मोहालीत खोली बघत होती, मीच नको म्हटलं. सख्खी मावशी गावात असताना पोरगी परक्याच्या दारात का, असं मीच म्हटलं. म्हणजे दार उघडून देणारी मी. आत घेऊन कडी लावणारी तू. सहा महिने दर रविवारी ती माझ्याशी खोटं बोलली आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून चहा प्यालीस. तुझ्या घशात तो चहा एकदाही अडकला नाही का? साधा ठसका तरी? ज्या घरात लेकरू आईशी खोटं बोलतं आणि घरातलं मोठं माणूस साखर पुरेशी आहे का बघतं, त्या घराला मी बहिणीचं घर म्हणत नाही. चोर परवडला, तो निदान मालक झोपल्यावर येतो. तू मालकिणीला आशीर्वाद लिहून चोरी केलीस. आणि का केलीस तेही मला कळतं. प्रसन्न भावजी गेले, मूल तुला झालं नाही, घर रिकामं होतं. रिकामं घर भरायला तुला माझंच माणूस सापडलं. पुस्तकं होती ना एवढी? ती नाही पुरली?

मागच्या बाजूला लिहिते, पान संपलं.

तुझं ते मायग्रेशन सर्टिफिकेट सत्तावीस तारखेला आलं. तिकडच्या विद्यापीठाने वेळेवर पाठवलं, रजिस्टर पोस्टाने, सही करून मी घेतलं. ते तांदळाच्या डब्यात आहे. यांना माहीत नाही. एकवीस मार्च उलटेपर्यंत ते तिथेच राहील. परीक्षा बुडली की ती येईल. रागावेल, दोन महिने बोलणार नाही, पण येईल. तू तिला एका शब्दाने सांगितलंस तर तुला आप्पांची शपथ आहे. तू शपथ मोडणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तेवढी एकच गोष्ट तुझी अजून चांगली राहिली आहे.

हल्ली तिचा फोन येतो तो कसा येतो सांगते. काय केलंस जेवायला, ती विचारते. आमटी, मी सांगते. बाबा कसे आहेत, बरे आहेत. मग ती गप्प, मी गप्प. तुझ्याशी ती तासन्‌तास त्या भाषेबद्दल बोलत असेल. मी विचारलं तर म्हणते, तुला नाही कळायचं गं. तुझ्या जिवावर बोलते ती असं. हे दुकान बंद करून दहाला येतात, तोवर मी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही.

शेवट लिहायला हवा म्हणून लिहिते. लोभ वाढू नये ही विनंती.

मीनाक्षी


।। श्री ।।

चंदीगड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मीनाक्षीस,
आशीर्वाद. हाताने लिहिला, तोंडातून निघाला नसता.

मी तिला सांगणार नाही. शपथ घालून तू माझं तोंड बांधलंस आणि ते बांधायला आप्पांना वापरलंस. ते असते तर मायना बिनचूक असूनही हा कागद त्यांनी तुझ्या अंगावर फेकला असता.

ऋजुता दर दोन दिवसांनी तिकडच्या विद्यापीठात फोन करते. तिथला कारकून सभ्य आहे, प्रत्येक वेळी रजिस्टर बघून सांगतो की पाठवलं आहे. मग ती पोस्टाला दोष देते. काल तिने दुसरी प्रत मिळते का विचारलं. मूळ प्रत हरवल्याची पोलिसात तक्रार, मग प्रतिज्ञापत्र, मग सहा आठवडे. ती वहीत तारखा मोजत बसली होती आणि मी समोर मटार सोलत होते. तू म्हणालीस तसा ठसका यावेळी लागला, ती पाणी घेऊन आली.

मूल झालं नाही हे वाक्य मी वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या बाळंतपणात तीन महिने सुट्टी घेऊन मिरजेला आले होते मी. तेव्हा तुला झोप मिळावी म्हणून तिला मांडीवर घेऊन कोण बसायचं ते आठव. माझं घर रिकामं आहे की भरलेलं हे मोजायचा अधिकार मी तुला दिलेला नाही.

तुझं पत्र नीच आहे. आणि गद्य म्हणून इतकं उत्तम आहे की गेल्या तीस वर्षांत मी मराठीत असं काही वाचलं नाही. याचाच मला जास्त राग येतो. पाकीट पाठव.

लोभ आहे की नाही हे तू पाकिटावरून ठरव.

नलूताई


मोहाली,
२ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

मावशी आणि तू पत्रांतून भांडता हे मला माहीत होतं, म्हणून मीही कागदावरच लिहिते आहे. बाबांना हे पत्र दाखव किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी.

मागच्या शुक्रवारी मला ताप होता म्हणून वर्गाला गेले नाही. बुडालेला अभ्यास कादंबरीकडून घेतला. मराठी उताऱ्याची झेरॉक्स होती, एका बाईने आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र. नावांवर व्हाइटनर फिरवलेला. मावशीने वर्गात सांगितलं होतं म्हणे, की ही लेखिका अनामिक आहे, पण हिच्या संतापाची बांधणी बघा. मी रात्री जेवून बसले आणि पाच मिनिटांत सोलायला घेतला. लेखिकेचा मला राग आला, पण तिचं दुखणं कळत होतं. चौथ्या वाक्याला आले तेव्हा पानाच्या तळाशी लक्ष गेलं. आम्लपित्ताच्या गोळीची जाहिरात. माझी दहावीची सगळी गणितं त्या जाहिरातीच्या वर सोडवलेली आहेत, आई. मग अक्षरही ओळखलं, आणि चहा, आणि ठसका.

झेरॉक्सवाल्याने कागदाची बचत म्हणून पाठपोट काढली होती. मी पान उलटलं.

सहा महिने मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याबद्दल मी माफी मागायची ठरवलं होतं, शब्दही जमवले होते. आता मागत नाही. मी खोटं बोलले ते नोकरीबद्दल. तू माझं एक वर्ष तांदळात पुरलंस आणि मी फोन केला की आमटी सांगत राहिलीस. मावशी समोर बसून मटार सोलत राहिली. शपथ होती म्हणे. तुम्ही दोघींनी मिळून मला एकेका बाजूने धरलं आहे आणि दोघींनाही वाटतं की दुसरी ओढते आहे. म्हणून मी मावशीचंही घर सोडलं. मोहालीत रेवा आणि ओजस्विनी यांच्या खोलीत तिसरी कॉट टाकली आहे. सकाळी दोन तास ट्यूशन घेते.

तुला नाही कळायचं असं मी म्हणाले, ते तुला इतकं लागलं हे मला पानाच्या मागच्या बाजूला कळलं. म्हणून एकदा सांगून बघते. कारखान्यात मी दिवसाला चारशे गोळ्यांचं वजन करायचे आणि चारशेही सारख्या निघाव्यात ही प्रार्थना करायचे. एका संध्याकाळी मावशीच्या टेबलावर एका जुन्या नाटकाचं पान उघडं होतं. त्यात एक बाई मुलगा गेला म्हणून देवाला शिव्या घालत होती. मावशीने ओळ वाचली, अर्थ सांगितला. कोण कुठली बाई, पण मी बारावीला घसरले तेव्हा तू देव्हाऱ्यासमोर उभी राहून गणपतीला जे बोलली होतीस, ते तिला कोणी सांगितलं होतं की काय असं मला वाटलं. मला त्या भाषेत पुढे काय आहे ते वाचायचं होतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तुझ्या पत्राचा गृहपाठ मी पूर्ण करून दिला. सोललेली पाच वाक्यं अशी होती:

माझी मुलगी लांब आहे.
ती मला खरं सांगत नाही.
माझ्या बहिणीला खरं आधी कळतं.
मला हे सहन होत नाही.
ती परत येणार नाही याची मला भीती वाटते.

यांचं ग्रीक केलं आणि मावशीच्या टेबलावर ठेवून बॅग उचलली.

सर्टिफिकेट पाठव असं मी म्हणणार नाही. मागून मिळालेलं मला नको आहे. एकवीस मार्च ही तारीख तुला माहीत आहेच.

बाबांच्या गुडघ्यांना जप. लोभ किती आणि कुणाचा, हे मला सध्या सांगता येत नाही.

ऋजुता


।। श्री ।।

चंदीगड,
८ मार्च २०२५

चि. सौ. मीनाक्षीस,
आशीर्वाद.

तुला तिचं पत्र मिळालं असेल. आता तुझी इच्छा पूर्ण झाली, माझं घर पुन्हा रिकामं आहे. तिच्या खोलीत टेबलावर तिची चहाची कपबशी आहे, ती मी अजून विसळलेली नाही.

शपथ मोडली असं म्हणशील म्हणून झालं ते सांगते. ऋजुताला ताप होता. ती येणार नाही म्हणून मी तुझं पत्र त्या शुक्रवारी काढलं, एरवी काढलं नसतं. पुढच्या बाजूवर व्हाइटनर लावला आणि बाजारातल्या झेरॉक्सवाल्याला दिलं. तो आमच्या विभागाचं सगळंच पाठपोट काढतो. प्रती हातात आल्या तेव्हा मागची बाजू मला दिसली. कादंबरी आणि अनिमेष परकी मुलं आहेत, यांना काय कळणार, असा विचार करून मी तशाच वाटल्या. कादंबरी तिला अभ्यास देईल हे इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला सुचायला हवं होतं. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, हे मी स्वतःला विचारलेलं नाही आणि तूही विचारू नकोस.

पण एक गुन्हा पक्का आहे. तुझ्या रडण्याचा मी गृहपाठ केला. तू मला चोर म्हणालीस आणि मी वर्गाला म्हटलं, या वाक्याचा तोल बघा. नवऱ्याच्या माघारी मी अशी झाले की आधीपासूनच होते, कोण जाणे. ऋजुता गृहपाठ ठेवून गेली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, की मावशी, तू वाचतेस छान, ऐकत नाहीस.

यापुढचं तू ठरवायचं. कचेरीत जाऊन मी मुदत वाढवून मागितली, वाढत नाही म्हणाले. तेरा दिवस आहेत.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. लोभाचं या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, आप्पा रागावले तर रागावोत.

नलूताई


।। श्री ।।

मिरज,
१६ मार्च २०२५

ती. नलूताईस,
मीनाक्षीचा सा. न. वि. वि.

शेवट न लिहिलेलं तुझं पत्र मी नियमाप्रमाणे परत पाठवते आहे. सोबत जोडलं आहे. शेवट लिहून पुन्हा पाठव.

हे पत्र नरेशच्या हाती देते. होळीला आला होता, आज रात्रीच्या गाडीने डेराबस्सीला परत निघाला. ज्याच्या तोंडाने हे सगळं सुरू झालं त्यालाच हमाली करू दे. ऋजुताचं पाकीट त्याच्याकडे वेगळं दिलं आहे, तिच्या मोहालीच्या पत्त्यावर, तिच्याच हातात द्यायचं असं बजावून. अठरा तारखेला पोचेल. पाकिटात तांदळाचे चार दाणे राहिले असतील, कचेरीत देण्याआधी झटक म्हणावं. भडंगाच्या पिशव्या दोन केल्या आहेत. एकच केली असती, पण तुम्ही दोघी आता एका घरात नाही.

यांना मी सगळं सांगितलं. हे उठले, तांदळाचा डबा उचलला आणि परातीत पालथा केला. मग आम्ही दोघांनी मिळून तांदूळ परत भरले. त्यानंतर म्हणाले, की दुकानाला माणूस ठेवता येईल. इतके दिवस मी गुडघे गुडघे करत होते, पण त्यांनी मला एकदाही मुलीला बोलाव म्हणून सांगितलं नव्हतं. हे मला त्या परातीसमोर बसल्यावर लक्षात आलं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. मी रडत लिहिलेलं तू परक्या दोन पोरांच्या हातात दिलंस, त्यांनी त्यावर लाल शाईच्या खुणा केल्या असतील. हे मी विसरणार नाही. तू विसरू नयेस म्हणून लिहून ठेवते. पण मूल झालं नाही हे जे वाक्य आहे, त्यावर व्हाइटनर फिरव. माझ्या मूळ कागदावर फिरव, झेरॉक्सवर नको. ते मी खरं वाटतं म्हणून लिहिलं नव्हतं, तुला लागावं म्हणून लिहिलं होतं. ऋजुता तीन महिन्यांची असताना तुझ्याच मांडीवर झोपायची, माझ्या मांडीवर ओरडायची. हे मला तुझ्या पत्राआधीपासून आठवतं. म्हणूनच ते लिहिलं.

आता गृहपाठाबद्दल. ऋजुताने माझं पत्र सोलून पाच वाक्यं काढली, ती मी नीट वाचली. तिने मला खलनायिका केलं नाही, हे तिने चांगलं केलं. पहिली चार बरोबर आहेत. पाचवं चूक आहे. ती परत येणार नाही याची मला भीती नव्हती. ती येईलच, दिवाळीला येते, सणाला येते. मला भीती होती की ती येईल, समोर बसेल, जेवेल, आणि माझ्याशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नसेल.

पाचवं वाक्य असं दुरुस्त करायला तिला सांग. मूळ लिहिणारी मी आहे, तेव्हा माझं म्हणणं धरावं लागेल. दुरुस्त केल्यावर ते त्या भाषेत कसं वाजतं ते रविवारी फोनवर मोठ्याने वाचून दाखव म्हणावं. मला काही कळणार नाही. मी ऐकेन, आणि मधे आमटीचं काढणार नाही.

गुण किती दिलेस तेही कळव, पाचवं चुकलं म्हणून कापायचे ते काप. आणि पुढच्या शुक्रवारसाठी उतारा लागला तर आधी मला विचार. तुला सुनावण्यासारखं माझ्याकडे अजून पुष्कळ आहे, पण मागची बाजू कोरी ठेवेन.

लोभ तांदळाच्या डब्यात नव्हता, तिथे आम्ही बघितलं. कुठेतरी असेलच. सापडला की कळवते.

तुझी धाकटी बहीण,
मीनाक्षी